फ्रिजमधील फिल्टर आणि त्याची किंमत

आपल्या मंडळींपैकी अनेकांची मुले आज अमेरिकेत स्थायिक आहेत, आणि सुनेच्या वा लेकीच्या बाळंतपणासाठी सहा-सहा महिने तिकडे राहून येणारे आजी-आजोबा वडोदऱ्यात कमी नाहीत. दाराशी पेला धरला की गार पाणी देणारा दोन दारांचा भलामोठा फ्रिज ते तिथे पाहतात. परत आल्यावर यथावकाश तसाच फ्रिज येथील स्वयंपाकघरातही येतो, आणि त्याच्या मागोमाग माझ्याकडे एक प्रश्न येतो : "डॉक्टरसाहेब, कंपनीचा फिल्टर फार महाग पडतो. हुबेहूब तसाच दुसरा तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत मिळतो. नातवंडांसाठी चालेल का?"

प्रश्न वरकरणी घरखर्चाचा वाटला, तरी तो बालरोगतज्ज्ञाच्या कक्षेतलाच आहे. डब्यातील दुधाच्या भुकटीवर वाढणारे तान्हे मूल वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १५० मिलीलिटर दूध घेते. प्रौढ माणसाचे प्रमाण याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके असते. पाण्यात जे काही बरेवाईट असेल, त्याचा वाटा बाळाच्या पदरी त्याच हिशेबाने अधिक पडतो. तेव्हा किमतीकडे वळण्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात : हा फिल्टर नेमके काय अडवतो, आणि त्याच्यापर्यंत कोणते पाणी येऊन पोहोचते. पहिल्या गोष्टीची चौकशी निदान काही जण करतात. दुसरीचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

फ्रिजमधील त्या नळकांड्याच्या आत असतो तो मुख्यतः कोळसा. बहुधा नारळाच्या करवंट्या जाळून, त्यांवर विशेष प्रक्रिया करून हा सच्छिद्र कोळसा तयार करतात आणि त्याची पूड दाबून तिचा ठोकळा बनवतात. अशा एका ग्रॅम कोळशातील सूक्ष्म छिद्रांचा एकूण पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. पाण्यातील क्लोरीन, त्याचा वास आणि काही सेंद्रिय रसायने या पृष्ठभागावर निकामी होतात किंवा त्याला चिकटून राहतात. क्लोरीन घालवणे कोणत्याही बऱ्या कोळशाला जमते. शिशाचे तसे नाही. त्यासाठी कोळशात वेगळी शोषक द्रव्ये मिसळावी लागतात आणि पाण्याला त्यांच्या सहवासात पुरेसा वेळ मिळावा लागतो. छिद्रे खरोखरच अर्ध्या मायक्रॉनच्या घरातील असतील, तर जियार्डिया (८ ते १२ मायक्रॉन) आणि क्रिप्टोस्पोरिडियम (४ ते ६ मायक्रॉन) यांची कोष्ठे अडकतात. क्रिप्टोस्पोरिडियम नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून याच परजीवीने सुमारे चार लाख लोकांना आजारी पाडले होते. ई. कोलायसारखे जीवाणू मात्र अशा ठोकळ्यातून निसटू शकतात, आणि जेमतेम ७० नॅनोमीटरच्या रोटाव्हायरसला तर तो राजमार्गच म्हणायचा.

स्वस्त पर्यायी फिल्टरमध्ये फरक पडतो तो येथे. बाहेरचे प्लास्टिक कोणालाही बनवता येते. आत कोणता कोळसा, किती, आणि त्यात आणखी काय मिसळले आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून अमेरिकेत एनएसएफ/एएनएसआय या नावाची मानके आहेत. मानक ४२ हे प्रामुख्याने चव, वास आणि क्लोरीन यांपुरते. मानक ५३ आरोग्याशी निगडित दूषितांचे. पण ते लाभले म्हणजे फिल्टर सर्वच दूषिते काढतो असे नाही. कोष्ठांसाठी ५३ मिळालेला फिल्टर शिशासाठी तपासलेला असेलच असे नाही, म्हणून दूषितांची नावे वाचावी लागतात. सर्वांत फसवे म्हणजे मानक ३७२. ते एवढेच सांगते की फिल्टर ज्या साहित्याचा बनला आहे त्यात शिसे नगण्य आहे. पाण्यातील शिसे काढण्याशी त्याचा काहीही संबंध नाही; तरी जाहिरातीत 'शिसे' हा शब्द दिसला की आईबाप निश्चिंत होतात. 'मानकानुसार परीक्षित' आणि 'प्रमाणित' यांतही अंतर आहे. प्रमाणित म्हणजे एनएसएफ, डब्ल्यूक्यूए, आयएपीएमओ यांसारख्या त्रयस्थ संस्थेने तपासून आपल्या जाहीर यादीत त्या विशिष्ट मॉडेलची नोंद केलेला. परीक्षित कोणी, कधी आणि कोणता नमुना घेऊन केले, हे पुष्कळदा विकणाऱ्यालाच ठाऊक.

त्रयस्थ संस्थेचे असे प्रमाणपत्र असलेला स्वस्त फिल्टर खुशाल घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत मूळ कंपनीचा फिल्टर साधारण पन्नास डॉलरला आणि पर्यायी पंधरा-वीस डॉलरला मिळतो. या फिल्टरचे आयुष्य बहुधा सहा महिने किंवा साडेसातशे ते अकराशे लिटर पाणी, यांपैकी जे आधी संपेल तेवढे. महाग फिल्टर दोन-दोन वर्षे न बदलणारी घरे मी पाहिली आहेत. त्यापेक्षा स्वस्त, प्रमाणित आणि वेळेवर बदललेला फिल्टर कधीही चांगला. मूळ कंपनीचे नाव आणि खोके यांची हुबेहूब नक्कल करून विकला जाणारा माल मात्र वेगळा. त्याच्याबद्दल कोणतीच खात्री नसते, आणि अमेरिकी सीमाशुल्क खात्याने तो अनेकदा जप्तही केला आहे.

स्वस्त म्हणजे कुचकामी नव्हे, हे सांगणारे एक उदाहरण डॉक्टर मंडळींना आठवत असेल. बांगलादेशातील मतलब भागात रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी खेड्यांतील स्त्रियांना जुन्या सुती साडीच्या निदान चार घड्या करून त्यातून पाणी गाळायला शिकवले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पटकीचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटलेले दिसले. साडीच्या घड्यांनी विब्रिओ जीवाणू सुटेपणी अडत नाही. पण तो ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून असतो, ते अडतात. माठाच्या तोंडाला फडके बांधणाऱ्या आपल्या आज्या हे शास्त्र न शिकताही त्याच वाटेवर होत्या. अर्थात तीच साडी शिशापुढे किंवा रोटाव्हायरसपुढे व्यर्थ आहे.

शिशाचा विषय निघालाच आहे तर फ्लिंटचा उल्लेख टाळता येत नाही. मिशिगन राज्यातील या शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला. नव्या पाण्यात नळांची झीज रोखणारे द्रव्य घातले गेले नाही, आणि जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरू लागले. सप्टेंबर २०१५ मध्ये डॉ. मोना हन्ना-अतीशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या रक्तातील शिशाचे वाढलेले आकडे जाहीर केले, तेव्हा प्रथम त्यांचीच टीका झाली आणि नंतर सरकारला ते मान्य करावे लागले. पुढे तेथील घराघरांत शिशासाठी प्रमाणित फिल्टर वाटले गेले. उकळण्याने शिसे जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. म्हणून अमेरिकेत जुन्या घरात राहणाऱ्या आणि पोटी तान्हे बाळ असलेल्या आपल्या मुलांना माझा सल्ला हाच की, फिल्टर कोणत्याही किमतीचा घ्या, पण मानक ५३ खाली शिशाचे नाव वाचूनच घ्या.

आता आपल्या वडोदऱ्याकडे येऊ. या अमेरिकी फिल्टरांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत एक सूचना असते : जीवाणूंच्या दृष्टीने असुरक्षित किंवा अज्ञात गुणवत्तेच्या पाण्यासाठी, आधी वा नंतर योग्य निर्जंतुकीकरण केल्याशिवाय, हा फिल्टर वापरू नये. तेथील नळाला चोवीस तास दाबाने, क्लोरीनयुक्त पाणी असते हे त्यात गृहीत आहे. आपले तसे नाही. सयाजीराव महाराजांच्या दूरदृष्टीने आजव्याचे पाणी शहराला मिळाले. आज निमेट्याचे शुद्धीकरण केंद्र आणि महीच्या पात्रातील विहिरीही आहेत. केंद्रातून निघणारे पाणी चांगलेच असते. पण ते ठरावीक वेळेपुरते येते. उरलेल्या वेळी नळ रिकामे असताना आजूबाजूचे सांडपाणी फटींतून आत ओढले जाऊ शकते, आणि घरात आलेले पाणी तळटाकीतून गच्चीवरील टाकीत जाऊन उन्हात दिवस काढते. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर अवशिष्ट क्लोरीन असावे. टाकीतून फ्रिजपर्यंत येताना तेवढे उरेलच असे नाही. जे उरले असेल तेही कोळसा काढून टाकतो. मग ओल्या, थंड, क्लोरीनविरहित कोळशात जीवाणूंची वसाहत वाढते. फिल्टर अस्सल असो वा स्वस्त, हे दोघांतही घडते.

काही वर्षांपूर्वी पाच महिन्यांचे एक बाळ जुलाबांनी कोमेजून माझ्याकडे आले. आजी शिकलेल्या, घर सधन. बाटलीचे दूध त्या थेट फ्रिजच्या पाण्यात कालवीत, कारण "साहेब, आत अमेरिकन फिल्टर आहे, उकळायचे कशाला?" फ्रिजची नळी गच्चीवरच्या टाकीच्या वाहिनीला जोडलेली होती. जुलाबांचे कारण तेच होते असे मी म्हणणार नाही. त्या पाण्याची तपासणी झाली नव्हती. जलसंजीवनी आणि जस्त यांवर बाळ चार दिवसांत सावरले. त्या आजींना मी जे सांगितले ते येथेही सांगतो. पहिले सहा महिने आईचे दूध मिळत असेल तर पाण्याची गरजच नाही. भुकटी वापरावीच लागली तर उकळलेले पाणी किमान ७० अंशांवर असतानाच ती त्यात मिसळावी आणि दूध निववून पाजावे. कारण क्रोनोबॅक्टरसारखे जंतू भुकटीतच असू शकतात आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही हीच आहे. कोणत्याही फिल्टरचे गार पाणी येथे उपयोगाचे नाही.

मोठ्या मुलांसाठी फ्रिजचे पाणी वापरायचे असेल, तर त्याला टाकीच्या नळाऐवजी घरातील आरओ वा यूव्ही शुद्धीकरण यंत्रानंतरचे पाणी जोडावे. यात एक अडचण येते. आरओच्या साठवण टाकीतून येणाऱ्या पाण्याला पुष्कळदा फ्रिजला लागणारा दाब नसतो, म्हणून छोटा पंप बसवावा लागतो; तंत्रज्ञाला हे आधीच विचारावे. आरओचे पाणी आल्यावर फ्रिजमधील कोळशाला फारसे काम उरत नाही. बऱ्याच मॉडेलांत फिल्टरच्या जागी बसवायचे बायपासचे टोपण मिळते. ते लावले की स्वस्त-महाग हा प्रश्नच मिटतो. आरओचा स्वतःचा कोळसा आणि पडदा वेळेवर बदलण्याचे काम मात्र तसेच राहते, आणि तेथेही अज्ञात मालाबद्दल हीच दक्षता हवी. ज्या फ्रिजांत पाण्याची टाकी हाताने भरायची असते, त्यांतील अनेकांत फिल्टर नसतोच. टाकीत जे ओताल तेच प्याल. ती आठवड्यातून एकदा काढून धुवावी.

फ्रिजवरील लाल दिव्यावर फार विसंबू नये. तो बहुतेक ठिकाणी महिने किंवा लिटर मोजतो. पाण्याची प्रत त्याला कळत नाही. फिल्टर नवा बसवल्यावर पहिले दहा-बारा लिटर पाणी सोडून द्यावे, म्हणजे कोळशाची काळी पूड निघून जाते. बाहेरगावाहून दोन आठवड्यांनी परतलात तरी नळीतले शिळे पाणी असेच वाहू द्यावे. आणि विश्वामित्रीला २०१९ व २०२४ साली आला तसा पूर येऊन तळटाकीत पुराचे पाणी शिरले असेल, तर टाकी धुऊन क्लोरीन टाकेपर्यंत फ्रिजचा पाण्याचा नळ बंद ठेवावा आणि आतला फिल्टर, तो कालच बसवला असला तरी, फेकून द्यावा.