पाच टक्के गेले, दाखला तरी नीट ठेवा

पुण्याच्या संगणक कंपन्यांत धाराशिव, तुळजापूर, उमरगा या भागांतील आपली काही मुले आता नोकरीस आहेत. त्यांचे वडील मशिदीबाहेर किंवा बाजारात भेटले की हल्ली एक प्रश्न विचारतात. अमेरिकेत म्हणे सर्व समाजघटकांना नोकरीत सामावून घेण्याची धोरणे गुंडाळली जात आहेत. त्याची झळ आमच्या मुलाला लागेल काय? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर शोधताना अमेरिकेपेक्षा आपल्याच मंत्रालयाकडे अधिक पाहावे लागते, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत काय घडले ते आधी थोडक्यात पाहू. १९६५ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी एक आदेश काढला होता. सरकारी ठेके घेणाऱ्या कंपन्यांनी नोकरभरतीत भेदभाव करू नये, उलट मागे राहिलेल्यांना संधी देण्यासाठी पावले उचलावीत, असे बंधन त्यात होते. हा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी २१ जानेवारी २०२५ रोजी रद्द केला. वॉलमार्ट, मॅकडोनाल्ड्स, मेटा अशा बड्या कंपन्यांनी त्याआधीच आपापल्या योजना आवरत्या घेतल्या होत्या. कॉस्टको या कंपनीच्या भागधारकांनी मात्र त्याच महिन्यात अशा योजनांविरुद्धचा ठराव प्रचंड बहुमताने फेटाळला. मुद्दा असा, की वंश, धर्म वा लिंग पाहून नोकरी नाकारण्यास मनाई करणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा तेथे अजून उभा आहे, कारण तो संसदेने केलेला आहे. आदेश एका सहीने आला होता, तो एका सहीने गेला.

आता हाच हिशेब आपल्याकडे लावून पाहावा. मुस्लिम समाजाची स्थिती तपासण्यासाठी राज्य शासनाने २००८ मध्ये माजी सनदी अधिकारी डॉ. महमूदूर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला आणि शिक्षण व नोकऱ्यांत ८ टक्के आरक्षणाची शिफारस केली. काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या शासनाने जुलै २०१४ मध्ये, विधानसभेच्या निवडणुका तोंडावर असताना, मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिमांतील ५० समूहांना ‘विशेष मागास प्रवर्ग-अ’ या नावाने ५ टक्के आरक्षण दिले. दिले ते अध्यादेशाने. अध्यादेशाचे आयुष्य मुळातच बेताचे असते. विधिमंडळाचे अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही तर तो आपोआप संपतो.

१४ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला आणि मुस्लिमांच्या नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली. शिक्षणातील ५ टक्क्यांचा मार्ग मात्र न्यायालयाने मोकळा ठेवला होता, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना आजही ठाऊक नाही. पुढे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात नव्या शासनाने मराठा आरक्षणाचे विधेयक मंजूर करून घेतले. मुस्लिमांचा अध्यादेश तसाच पडून राहिला व मुदत संपून गेला. २ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने उरलीसुरली बाबही संपली. फेब्रुवारी २०२० मध्ये महाविकास आघाडीच्या शासनाने शिक्षणात ५ टक्के देण्याची घोषणा केली, पण त्याचा कायदा झाला नाही. घोषणेला टाळ्या मिळाल्या एवढेच.

उमरग्याहून सरहद्द ओलांडली की कर्नाटक लागते. तेथे मुस्लिमांना मागासवर्गीयांच्या ‘२ ब’ या गटात ४ टक्के आरक्षण १९९५ पासून आहे. मार्च २०२३ मध्ये तेथील शासनाने ते काढून लिंगायत व वक्कलिग समाजांत वाटण्याचा निर्णय घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा निर्णय अंमलात आणणार नाही अशी हमी त्या शासनास द्यावी लागली. आपल्याकडचा अध्यादेश सहा महिनेही टिकला नाही, आणि शेजारची तरतूद जवळजवळ तीस वर्षांनंतरही सहजासहजी हलवता आली नाही. आळंद-बसवकल्याणला सोयरिकी असलेल्या कुटुंबांना हा फरक घरबसल्या दिसतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे, की गेलेल्या ५ टक्क्यांसाठी मागणी जरूर चालू ठेवावी, परंतु जे दोन दरवाजे आज कायद्याने उघडे आहेत त्यांतून आधी आत शिरावे.

पहिला दरवाजा इतर मागासवर्गाचा. बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी, मोमीन, कुरेशी या आपल्या बिरादऱ्या त्या यादीत आहेत. छप्परबंद विमुक्त जातींत आहेत. हे काही धर्माच्या नावाने मिळालेले नाही. फळे विकणे, बांगड्या भरणे, कापूस पिंजणे या पिढीजात धंद्यांवरून ते मिळाले, आणि म्हणूनच टिकले. यासाठी गेल्या शतकाच्या अखेरीस जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसी संघटनेच्या वतीने गावोगाव फिरून केलेले काम आपण विसरत चाललो आहोत. राज्याच्या नोकऱ्यांत इतर मागासवर्गाला १९ टक्के व केंद्राच्या नोकऱ्यांत २७ टक्के जागा आहेत. पाच टक्क्यांसाठी आपण दहा वर्षे हळहळलो. या जागांवर आपली किती मुले बसली, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

अडचण कागदाची आहे. मुलाला शाळेत घालताना वडील जातीच्या रकान्यात नुसते ‘मुस्लिम’ लिहून मोकळे होतात. पंधरा वर्षांनी पोलीस भरतीत गुण पुरेसे असतात, पण दाखल्यावर बागवान हा शब्द नसतो. आमच्या परिचयातील एका तरुणाचे नेमके असेच झाले. त्याच्या सख्ख्या चुलतभावाकडे वैधता प्रमाणपत्र असल्याचे त्याला भरती संपल्यावर कळले. दोन घरांत जमिनीचा वाद, बोलणे बंद! वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र हा पडताळणी समितीपुढील फार मोलाचा पुरावा असतो. भांडण बाजूला ठेवून त्याची एक प्रत मागून घ्यावी.

इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. आजोबा-पणजोबांच्या शाळेतील प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, जुने खरेदीखत यांत धंदा किंवा जात लिहिलेली सापडते. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे पुष्कळसे जुने दप्तर उर्दूत आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाड्यातील उर्दू व मोडी दप्तरे न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने उघडली गेली, उर्दू जाणणारे लोक त्यासाठी शोधावे लागले. मराठा बांधवांनी आपल्या पूर्वजांच्या नोंदी धुंडाळल्या. जी भाषा आपल्या घरात आहे त्या भाषेतील कागद आपणच पाहिले नाहीत, ही थोडी लाजेची गोष्ट आहे.

दुसरा दरवाजा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचा, म्हणजे १० टक्क्यांचा. तो २०१९ च्या घटनादुरुस्तीने उघडला व ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. ज्या मुस्लिम कुटुंबांची नोंद कोणत्याही मागास यादीत नाही, त्यांना वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास तहसील कार्यालयातून हे प्रमाणपत्र मिळू शकते. केंद्राच्या नोकरीसाठी मात्र कुटुंबाची पाच एकर वा अधिक शेतजमीन असली तर ते मिळत नाही, मग ती जमीन भूम-परंड्याकडील कोरडवाहू का असेना. येथे एक चूक वारंवार होते. ज्याची बिरादरी ओबीसी यादीत आहे त्याने, जातीचा दाखला मिळत नाही म्हणून, दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र काढू नये. ते नंतर रद्द होते आणि नोकरीही जाते. उत्पन्न मोजण्याची रीतही दोहोंत वेगळी आहे. दुर्बल घटकात पगार, शेती, धंदा सर्व धरतात; केंद्राच्या ओबीसी निकषात ८ लाखांची मर्यादा पाहताना पगार व शेतीचे उत्पन्न धरत नाहीत.

राहिला पुण्यातील मुलांचा प्रश्न. खाजगी नोकरीत धर्मावरून डावलले तर थेट दाद मागता येईल असा अमेरिकेसारखा कायदा आपल्याकडे नाही. घटनेचे सोळावे कलम सरकारी नोकरीपुरते आहे. सुखदेव थोरात व पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी कंपन्यांकडे पाठवले होते. मुस्लिम नावाच्या अर्जांना बोलावणे कमी आले. २०१५ मध्ये मुंबईच्या एका हिरे निर्यात कंपनीने तर आम्ही मुस्लिमांना घेत नाही असे लेखी उत्तर एका पदवीधराला दिले व ते प्रकरण पोलिसांत गेले. तेव्हा अमेरिकेत धोरण गेल्याने आपल्या मुलांच्या हातचे कायदेशीर असे काही गेले नाही, कारण हाती तसे काही नव्हतेच. अर्थात आपले दुकानदार व कारखानदारही नोकर ठेवताना भाचा-पुतण्यापलीकडे पाहत नाहीत, आणि शिकलेल्या मुलीला गल्ल्यावर बसवत नाहीत, हेही नमूद करावे लागेल.

ज्यांची मुले आज शाळेत आहेत त्यांनी याच महिन्यात मुख्याध्यापकांकडे जाऊन जातीचा रकाना पाहावा. मूल शाळेत असेपर्यंत पुराव्यासह अर्ज देऊन दुरुस्ती होते. शाळा सुटल्यावर तीच दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारी जाते आणि वर्ष-वर्ष लागते. जुना उर्दू कागद घरात असेल तर तो दुमडून ट्रंकेत ठेवू नये. त्याचे मराठी भाषांतर करून घ्यावे आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावा.