पेर, कांडे आणि फांदी

ऊस खाणाऱ्या लहान मुलालाही पेर म्हणजे काय हे ठाऊक असते. दात अडतो ते पेर, रस मिळतो ते कांडे. वनस्पतिशास्त्राने या घरगुती शब्दांना नेमका अर्थ दिला आहे. खोडावर जेथून पान फुटते ते पेर आणि दोन पेरांमधील भाग ते कांडे. पानाच्या बगलेत एक इवलीशी कळी निद्रिस्त असते. ती जागी झाली तर तिची फांदी होते. न झाली तर खोड सरळसोट वर जाते. झाडाचा सारा आकार या कळ्यांच्या निद्रेवर आणि जागृतीवर ठरतो. याचे एक बोलके उदाहरण म्हणजे भांगेचे झाड. या झाडाच्या आकारावरून शहाण्या माणसांनीही चुकीचे निष्कर्ष काढले आहेत, म्हणूनही त्याची रचना समजून घेणे उपयोगाचे आहे.

भांगेचे रोप उगवते तेव्हा प्रथम दोन बीजपत्रे समोरासमोर दिसतात. पुढच्या पेरावर दातेरी कडांची दोन साधी पाने येतात. नंतरच्या पेरांवर तीन, पाच, सात दलांची. वाढीच्या पूर्वार्धात पाने जोडीने येतात. एक जोडी पूर्व-पश्चिम असली, तर तिच्यावरची दक्षिणोत्तर. अंगणातील तुळशीतही हीच मांडणी आहे. परंतु तुळस ती शेवटपर्यंत पाळते, भांग पाळत नाही. फुलण्याचा काळ जवळ आला की जोडीतील पाने एकमेकांपासून सरकतात आणि एकाआड एक येऊ लागतात. पुढे पेराशीच फुले उमलतात. नर आणि मादी झाडे सामान्यतः निरनिराळी असतात. नराचा फुलोरा सैल, तर मादीचा शेंड्याशी दाट.

स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली या झाडाला ‘कॅनाबिस सटायव्हा’ हे नाव दिले. १७८५ साली फ्रान्सच्या लामार्कने भारतातील झाडाला ‘कॅनाबिस इंडिका’ असे स्वतंत्र नाव दिले. हे झाड अधिक फांद्यांचे असून त्याची पाने एकाआड एक असतात, असे त्याचे एक कारण होते. आज आपण जाणतो की पानांची ही मांडणी झाडाच्या वयाबरोबर बदलते. एकाच झाडाचा खालचा भाग एक साक्ष देतो आणि वरचा भाग दुसरी. १९७६ साली स्मॉल व क्रॉन्क्विस्ट या शास्त्रज्ञांनी साऱ्या भांगेला एकाच जातीत बसविले; वाद मात्र पुरता मिटलेला नाही.

फांद्यांचे गणितही असेच परिस्थितीवर अवलंबून आहे. शेंड्याकडून ऑक्सिन नावाचे द्रव्य खोडातून खाली वाहते आणि बगलेतील कळ्यांना दाबून ठेवते. शेंडा गेला की हा धाक सुटतो. हरभऱ्याचे शेंडे खुडणाऱ्या शेतकरी स्त्रिया हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. भाजी मिळते आणि झाडाला फांद्याही फुटतात. दाटीचा परिणाम याच्या उलट असतो. शेजारच्या पानांवरून परतलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या रंगावरून रोपाला गर्दीची चाहूल लागते. त्याची कांडी लांबतात आणि कळ्या निजून राहतात. म्हणून धाग्यासाठी भांग दाट पेरतात. खोडाच्या सालीतील धागा लांब आणि सलग हवा असतो, आणि फांदी फुटली की तेथे गाठ पडते. महाराष्ट्रातील अंबाडीलाही हाच न्याय लागू आहे. तिचे शास्त्रीय नाव ‘हिबिस्कस कॅनाबिनस’; भांगेशी असलेल्या साम्याची खूण त्या नावातच आहे. बी विरळ पडले, तर तेच भांगेचे झाड झुडपासारखे पसरते.

कुमाऊँ आणि गढवाल येथील डोंगराळ मुलखात भांगेच्या सालीचे दोर वळतात आणि बियांची चटणी जेवणात असते. तेथील शेतकऱ्याला ही वनस्पती नशेपेक्षा दोराची आणि बियांची म्हणून परिचित आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानेही हा भेद काही अंशी मानला आहे. त्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुललेले वा फळलेले शेंडे; शेंड्यांवाचूनची पाने व बिया त्यात येत नाहीत. धागा किंवा बी यांसाठी लागवडीस शासन परवानगी देऊ शकते, आणि उत्तराखंडाने २०१८ साली असे परवाने देण्यास प्रारंभ केला. अशा पिकात मादक द्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांहून अधिक असू नये, अशी अट आहे. परवान्यावाचून लावलेले झाड मात्र, ते परसात असो वा शेतात, गुन्हा ठरते. त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा आहे.

इतकी कठोर शिक्षा जेथे आहे, तेथे झाडाकडे नुसते पाहून निर्णय देणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगावयास नको. सरळ वाढलेले झाड निरुपद्रवी आणि फांद्यांनी डवरलेले मादक, असा नियम निसर्गाने केलेला नाही. फांद्या जागेवर, प्रकाशावर आणि शेंड्यावर अवलंबून असतात. मादक द्रव्याचे प्रमाण मुख्यतः वाणाच्या वंशावर. ते कळते प्रयोगशाळेतील परीक्षणाने. लामार्कच्या घाईने एका झाडाला दुसरे नाव मिळाले, एवढेच. तशीच घाई पंचनाम्यात झाली, तर तिचे मोल एखाद्या डोंगरी शेतकऱ्याच्या घराला मोजावे लागेल. झाड आपली हकीकत पेरापेराने सांगत असते. मात्र ती बुंध्यापासून शेंड्यापर्यंत वाचावयास हवी, आणि तिच्यात जे लिहिलेलेच नाही ते तिच्यावर लादू नये.