घोड्याला रक्त देण्याची वेळ येण्याआधी दाता घोडा पारखून ठेवा



शिंगरू खच्ची केले आणि रात्री रक्त थांबेना. किंवा वरातीत घोडी बुजली, तारेच्या कुंपणात घुसली. डॉक्टर येतात, हिरड्या पाहतात आणि विचारतात, "रक्त द्यावे लागेल, दुसरा घोडा आहे का?" मग धावपळ होते आणि दावणीला जे जनावर सापडेल ते पुढे केले जाते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वस्तीवर असेच झाले. वस्तीवर दोन जनावरे होती. एक घोडी पाच वेळा व्यालेली, दुसरा घोडा महिन्यापूर्वीच बाजारातून आणलेला, त्याचा मागचा-पुढचा काही पत्ता नाही. डॉक्टरांनी दोन्ही नाकारली. घरचा खच्ची घोडा चालला असता, पण तो लग्नाला गेलेला. तो येईपर्यंत पहाट झाली आणि शिंगरू गेले. मालक म्हणाला, "साहेब, रक्तच ते, कुणाचं का असेना!" तसे नसते, म्हणून हे लिहितो आहे.

आधी घोडीचे पाहू. गाभण असताना किंवा विताना पिल्लाचे रक्त आईच्या रक्तात मिसळू शकते. ते परके असेल, तर तिचे शरीर त्याच्याविरुद्ध द्रव्ये तयार करते, आणि ती तिच्या रक्तात राहतात. तिचे रक्त आजारी घोड्याला दिले, तर तीच द्रव्ये त्याच्या रक्तपेशी फोडू शकतात. म्हणून व्यालेली घोडी नको, आणि ज्याला पूर्वी कधी रक्त चढवले आहे तो घोडाही नको. गाढव आणि खेचर तर मुळीच नको. त्यांच्या रक्तपेशींवर एक घटक असतो, तो घोड्यात नसतो. तेव्हा शेजारच्या वीटभट्टीवरचे गाढव कितीही धट्टेकट्टे असले तरी कामाचे नाही.

उत्तम दाता म्हणजे शांत स्वभावाचा, तरणा, निरोगी, खच्ची केलेला घोडा. जितका वजनदार तितका बरा.

बाजारातल्या घोड्याची भीती वेगळी. सारंगखेड्याच्या यात्रेत लांबलांबची जनावरे येतात. दिसायला टवटवीत, पण पोटात काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय हा विषाणूचा रोग आपल्या देशात १९८७ साली प्रथम नोंदला गेला. तो झालेला घोडा बरा दिसला तरी जन्मभर विषाणू बाळगतो, आणि त्यावर औषध नाही. घोडमाशी चावण्याने आणि एकच सुई अनेकांना टोचण्याने तो पसरतो. मग अशा घोड्याचे लिटरभर रक्त दिल्यावर काय होईल, ते तुम्हीच समजा. 'सरा' आणि गोचिडांमुळे होणारा रक्तातला ताप, हेही रक्तातूनच जातात. तेव्हा डॉक्टरांकडून रक्ताचा नमुना घेऊन या तिन्हींची तपासणी करून घ्या. ग्लँडर्सचीही त्याच वेळी करा. हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात रक्तक्षय आणि ग्लँडर्सच्या तपासण्या होतात. निकाल यायला दिवस लागतात, म्हणूनच हे काम आधीचे. शिवाय वर्षाला पुन्हा तपासा. एकदा निर्दोष ठरलेला घोडा कायमचा निर्दोष राहत नाही.

रक्तातल्या लाल पेशींचे प्रमाणही मोजून घ्यावे. दात्यात ते ३५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असावे. धनुर्वाताची लस आणि जंताचे औषध वेळच्या वेळी.

आता किती रक्त काढता येते? त्यासाठी वजन हवे, आणि काटा कुणाकडे नसतो. साधी शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी सेंटीमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे अंदाजे किलो. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर वजन भरते सुमारे २६५ किलो. वजनाच्या ८ टक्के रक्त धरले तर २१ लिटर. त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे सव्वाचार लिटर, ही झाली कमाल मर्यादा. त्यापुढे एक वाटीही नाही, आणि पुन्हा काढायचे तर निदान महिन्याने.

ऐन वेळी दोघांचे रक्त जुळते का ते डॉक्टर पाहतील. घोड्याच्या रक्तपेशी मुळातच नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक बसतात, त्यामुळे काचेवर थेंब मिसळून आपणच निकाल देऊ नये. पहिल्यांदा दिलेले रक्त बहुधा निभावते. धोका आठवड्याभराने पुन्हा देताना वाढतो.

रक्त काढणे, जुळवणे, देणे हे डॉक्टरांचे काम. मी शेतीचा पदवीधर, मी त्यात हात घालत नाही, तुम्हीही घालू नका. तुमचे काम दात्याजवळ उभे राहण्याचे. सगळे आजारी जनावराभोवती जमतात आणि दाता एकटा पडतो, असे मी पाहिले आहे. जबड्याच्या कडेखाली बोट ठेवून नाडी मोजा. स्वस्थ घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. ती चढत चालली, घाम फुटला, पाय डगमगू लागले, हिरड्या पांढुरक्या पडल्या, तर लगेच डॉक्टरांना सांगा.

नंतर पाणी आणि मिठाचा खडा पुढे ठेवा, चांगला चारा द्या. गळ्याच्या शिरेवर सूज येते का ते दोन-तीन दिवस पाहा. सकाळ-संध्याकाळ ताप मोजा, ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट ठीक. आठवडाभर टांगा नाही, वरात नाही, ओझे नाही. लग्नसराईत हे जड जाते, ठाऊक आहे. महिन्याने लाल पेशी पुन्हा मोजा.

वस्तीवर चार-पाच घोडेवाले असाल तर मिळून दोन दाते ठरवा, म्हणजे एक बाहेरगावी गेला तरी दुसरा हाताशी राहील. प्रत्येकाची वही ठेवा. वजन, तपासणीची तारीख आणि निकाल, लस, रक्त केव्हा व किती काढले, सगळे त्यात लिहा. आणि ती वही पेटीत कुलूप लावून ठेवू नका, तबेल्यातच खुंटीला टांगा.