पडका बुरूज कसा बांधावा?

शीर्षक वाचून काही वाचकांना हसू येईल. बुरूज बांधावा हे समजू शकते. पण मुद्दाम पडका बुरूज बांधायचा, तोही वीतभर उंचीचा, ही काय उठाठेव? गेले वर्षभर हा प्रश्न मला वर्गात, मेसमध्ये आणि एस.टी.च्या रांगेतसुद्धा विचारला गेला आहे. प्रत्येकाला वेगळे उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, म्हणून हा लेखप्रपंच.

टेबलावर लढाई खेळण्याचा छंद मूळचा युरोपातला. त्यात बुद्धिबळासारखी घरे आखलेली नसतात. साधारण सहा फूट लांब व चार फूट रुंद टेबलावर छोट्या टेकड्या, झाडे, घरे मांडतात. दोन्ही बाजूंचे इंचभर उंचीचे सैनिक त्यांतून पट्टीने अंतर मोजून पुढे सरकवतात आणि मारा लागला की हुकला हे फासे टाकून ठरवतात. याचा उगम मात्र पोरखेळात नाही. जॉर्ज लिओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी १८१२ साली प्रशियाच्या राजापुढे असा खेळ ठेवला, तेव्हा त्यातली जमीन प्लास्टरच्या रंगवलेल्या तुकड्यांची होती. तुकडे हवे तसे जुळवून दर वेळी नवी रणभूमी तयार करता येई. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये सुधारलेले नियम छापले आणि प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी हा खेळ रुजला. पुढे कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून तो घरातल्या जमिनीवर आणला. त्यांचे सैनिक शिशाचे, तोफा स्प्रिंगच्या आणि घरे लाकडी ठोकळ्यांची व पुठ्ठ्याची. पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध सुरू झाले. पण तो विषय वेगळा.

आजच्या खेळांत पडक्या इमारतींना मोठा मान आहे. इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९९९ मध्ये काढलेला ‘मॉर्डहाइम’ हा खेळ तर एका उद्ध्वस्त नगरातच घडतो. याचे कारण काव्यमय नाही, अगदी व्यवहारी आहे. अखंड इमारतीत खेळणाऱ्याचा हात जात नाही आणि आत ठेवलेला सैनिक दिसत नाही. पडक्या इमारतीला छप्पर नसते, एखादी बाजू उघडी असते. सैनिक आत ठेवता येतो, त्याला आडोसा मिळतो, आणि खिंडारातून तो नेमका कुठवर पाहू शकतो हे दोन्ही खेळाडूंना डोळा लावून ठरवता येते. आडोशावरून भांडणे होतात, म्हणून हे महत्त्वाचे.

आपल्याकडे ही गोष्ट अगदीच परकी वाटायला नको. दिवाळीत अंगणात दगड-मातीचा किल्ला करून त्यावर आळीव पेरणे कोणाला ठाऊक नाही? मावळा दरवाजापेक्षा उंच आणि महाराज बुरुजापेक्षा उंच, हेही आपण चालवून घेतो. पण एक गंमत माझ्या उशिरा लक्षात आली. आपण प्रत्यक्षात पाहतो ते गड बहुतेक ढासळलेले असतात. दिवाळीत करतो तो किल्ला मात्र अभंग असतो. पडका किल्ला करणारे पोर मी अजून पाहिलेले नाही. त्यामुळे मी पडका बुरूज करायला घेतला तेव्हा दिवाळीचा अनुभव फक्त माती कालवण्यापुरता उपयोगी पडला.

आधी प्रमाण. या खेळातला सैनिक २८ मिलिमीटरचा धरतात. साडेपाच फुटी माणूस २८ मिलिमीटरचा झाला म्हणजे प्रमाण साधारण साठास एक. हे प्रमाण आपल्याला फार सोयीचे आहे, कारण एक फूट म्हणजे पाच मिलिमीटर हा हिशेब तोंडी करता येतो. तीस फुटी बुरूज पंधरा सेंटिमीटरचा. फूटभर उंचीचा थर पाच मिलिमीटरचा. हा हिशेब एकदा बसला की पुढचे सगळे अंदाजपंचे राहत नाही.

पुढचे म्हणजे मोडतोड. खरी विद्या इथे लागते. मोबाइलवर परदेशी छांदिष्टांनी केलेल्या बुरुजांची छायाचित्रे पुष्कळ पाहायला मिळतात. त्यांतली काही मी आमच्या अण्णांना दाखवली. अण्णा म्हणजे माझे वडील. ते दगडकामाचे गवंडी आहेत, शाळा चौथीपर्यंत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे मी सुटीत घरी गेलो की “अभ्यास बरा चाललाय न्हवं?” या एका प्रश्नापुढे आमचे कॉलेजविषयीचे बोलणे जात नसे. त्या दिवशी मात्र त्यांनी मोबाइल हातात घेतला, एक चित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “ह्यो बुरूज पडल्याला न्हाय. फोडल्याला हाय.”

पडलेला आणि फोडलेला यांत फरक असतो, हे मला कोणत्याही पुस्तकात आढळले नव्हते. मी वही काढली.

त्यांनी सांगितले ते असे. दगडी भिंत दिसते एकसंध, पण ती असते तीन पदरी. बाहेरून घडीव चिरे, आतून घडीव चिरे आणि मध्ये डबर व चुन्याची भर. दोन्ही दर्शनी बाजू एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून अधूनमधून भिंतीत खोलवर जाणारा लांब दगड घालतात. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, त्याला सांधमोड म्हणतात. आता अशी भिंत आपोआप पडते तेव्हा ती वरून मरते. छप्पर जाते, वासे कुजतात, माथ्यावरचा थर सुटतो, आणि मग पाणी मधल्या भरीत शिरते. चुना धुपतो. भर खाली बसते आणि बाहेरच्या चिऱ्यांना ढकलू लागते. भिंतीला पोट येते. एखाद्या पावसाळ्यात ते पोट फुटते. दगड सहसा तुटत नाहीत, सांध्यात सुटतात. म्हणून पडलेल्या भिंतीची कड पायऱ्या-पायऱ्यांची दिसते, आणि मधला डबर आतड्यासारखा उघडा पडतो. कोपऱ्याचे चिरे मोठे व एकाआड एक दोन्ही भिंतींत गुंतलेले असतात, त्यामुळे चोरीला गेले नाहीत तर कोपरा शेवटपर्यंत सुळक्यासारखा उभा राहतो. तडा जातो तो बहुधा खिडकीपासून खिडकीपर्यंत, कारण भिंतीचे बळ तिथेच कमी असते.

फोडलेल्याची तऱ्हा निराळी. सुरुंग बुडाशी लागतो. वरची भिंत चांगली असतानाच तिचा आधार जातो, आणि चुना पक्का असेल तर भिंतीचे खोलीएवढे तुकडे न फुटता कलंडतात. इंग्लंडातील कॉर्फ किल्ल्याचे छायाचित्र ज्याने पाहिले असेल त्याला हे लगेच पटेल. तेथील यादवी युद्धात पार्लमेंटच्या पक्षाने १६४६ साली तो घेतला आणि पुन्हा शत्रूच्या उपयोगी पडू नये म्हणून उडवून दिला. तिथले बुरूज आजही तिरके उभे आहेत आणि भिंतीचे प्रचंड गोळे उतारावर पडलेले आहेत. त्याच वर्षी वेल्समधील रॅग्लन किल्ल्याचा सहा बाजूंचा मोठा बुरूज बुडाशी पोखरला, तेव्हा त्याच्या दोन बाजू कोसळल्या. बाकीच्या उभ्या राहिल्या. आपल्याकडेही १८१८ नंतर इंग्रजांनी नाशिककडच्या कित्येक गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. इतिहासाच्या पेपरात आपण किल्ला कोणी कोणत्या साली घेतला ते लिहितो आणि गुण मिळवतो. तो कसा पडला हे त्याच्या भिंतीवर लिहिलेले असते, आणि ते वाचणारा माणूस माझ्या घरी होता.

तेव्हा पहिला निर्णय हा की बुरूज पडलेला करायचा की फोडलेला. दोन्हींची खिचडी केली की चित्र बिघडते. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते. मी एक पडलेला केला आणि एक फोडलेला. पडलेल्याची कड कातरताना प्रत्येक ठिकाणी सांध्यावरच थांबलो. फोडलेल्याचा एक आख्खा तुकडा वेगळा बांधून पंधरा-वीस अंशांत कलता चिकटवला, थरांच्या रेषांसकट.

अण्णांचा दुसरा प्रश्न आणखी अवघड होता. “बाकीचा माल कुठं गेला?” अर्धा बुरूज नाहीसा, आणि बुडाशी पाच-सहा दगड! परदेशी नमुन्यांत हे फार दिसते. एवढी भिंत पडली तर तिचा ढीग पाहिजे, आणि दगडांत पोकळी राहत असल्याने तो ढीग मूळ भिंतीपेक्षाही जास्त जागा खातो. ढीग नसेल तर माल कोणीतरी नेलेला असला पाहिजे. नेणारा आधी घडीव चिरे नेतो, डबराला कोण हात लावणार? इंग्लंडच्या उत्तरेला रोमन सम्राट हेड्रियनने बांधलेल्या भिंतीचे दगड जवळच्या लॅनरकॉस्ट मठाच्या बांधकामात गेले आहेत. इतके लांब कशाला, आमच्या गावच्या गढीला आता दर्शनी दगड म्हणून उरलेला नाही आणि आमच्या घराच्या जोत्यात मात्र दोन चिरे असे आहेत की जे आमच्या ऐपतीचे नव्हेत. म्हणून पडलेल्या बुरुजाच्या एका बाजूला मी ढीग घातला आणि रस्त्याकडच्या बाजूचे चिरे माणसाचा हात पोचेल तिथवर काढून नुसता डबर दाखवला. खेळताना हे कोणाच्या लक्षात येत नाही. पण मला ते ठाऊक आहे.

खेळाच्या सोयीसाठी मात्र सत्याला थोडी मुरड घालावी लागते. माझा बुरूज बाहेरून आठ सेंटिमीटर चौरस, म्हणजे सोळा फूट. खऱ्या बुरुजाची भिंत सहा-सात फूट जाड असू शकते. तेवढी घेतली तर आत एकही सैनिक मावणार नाही. मी ती तीन फूट, म्हणजे दीड सेंटिमीटर घेतली. आत पाच सेंटिमीटर उरले, आणि पंचवीस मिलिमीटर बैठकीचे चार सैनिक बरोबर उभे राहतात. मजल्याच्या तुळया कुजून गेल्या असे धरून भिंतीत त्यांची भोके ठेवली, पण एका कोपऱ्यात तख्तपोशीचा तुकडा शिल्लक ठेवला, कारण वर तिरंदाज उभा करायचा असतो.

सामानाबद्दल थोडक्यात. परदेशात यासाठी घट्ट, बारीक कणांचा फोम वापरतात. त्यावर पेनाने दाबून सांधे उमटतात. आपल्याकडे सहज मिळते ते टी.व्ही.च्या खोक्यातले थर्माकोल, आणि त्याचे दाणे सुटतात. (सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा विकत घेऊ नये, खोक्यातला पुरतो.) त्याचा फक्त गाभा करावा आणि वर अंड्यांच्या ट्रेच्या पुठ्ठ्याचे चिरे लावावेत. हा पुठ्ठा खरबरीत असतो व रंग लागल्यावर हुबेहूब दगड वाटतो. एक चिरा पाच बाय दहा मिलिमीटर धरला तर माझ्या बुरुजाला बाहेरून साडेसातशेच्या आसपास चिरे लागले. ते फेव्हिकॉलने एकेक लावताना वसतिगृहातील मित्रांनी माझ्या डोक्यावर परिणाम झाल्याचे जाहीर केले. सुट्ट्या झालेल्या थर्माकोलमध्ये वाळू व फेव्हिकॉल कालवून मधली भर होते.

रंगाचे डबे फवारू नयेत. त्यातील द्रावणाने थर्माकोल विरघळते. पाण्यात मिसळणारा काळा रंग फेव्हिकॉलमध्ये कालवून सगळीकडे द्यावा, म्हणजे कवचही तयार होते. मग ब्रशवर करडा रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ पुसून टाकावा आणि कोरडा ब्रश वरवर फिरवावा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो, सांधे काळे राहतात. एवढ्याशा वस्तूवर खऱ्या उन्हाची सावली पुरेशी पडत नाही, ती अशी रंगवून आणावी लागते. कॉर्फचा दगड फिकट चुनखडीचा आहे. माझे बुरूज मी काळेच ठेवले, कारण मी हात लावलेला दगड काळा. वेलीऐवजी भेगेत पिंपळही लावला आहे. पाने रंगवलेल्या भुशाची, मुळे सुतळीच्या धाग्यांची. पिंपळाचे मूळ सांध्यात शिरून चिरा पुढे काढते. कोणत्या सांध्यातून ते फुटेल ती जागा अण्णांनी पेन्सिलीने खूण करून दिली.

तिसरा बुरूज गोल आहे आणि अर्धा झाला आहे. गोलाईत प्रत्येक चिऱ्याचे तोंड किंचित रुंद व शेपूट निमुळते लागते, त्यामुळे काम सावकाश चालते. पहिले दोन इतिहास विभागाच्या कपाटात ठेवण्याची परवानगी सरांनी दिली आहे. जिमखान्यातील टेबल टेनिसचे टेबल नऊ फूट बाय पाच फूट असते, ते शनिवारी तीननंतर मोकळे असते. सैनिक आम्ही पुठ्ठ्याचे कापले आहेत, दोन्ही बाजूंना पुरतील इतके. खेळायला येणाऱ्यांनी फासे मात्र आपापले आणावेत.