वेलांटी आधी, अक्षर नंतर

मित्राची २००२ सालची रोजनिशी मला हवी होती. अमेरिकेतला त्याचा पहिला हिवाळा त्याने एका फुकटच्या वेबपानावर मराठीत लिहून ठेवला होता. ती फुकट जागा देणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेली. पण ब्रूस्टर काल यांनी १९९६ मध्ये उभारलेल्या इंटरनेट आर्काइव्हने पानाची प्रत ठेवली होती. वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकला, पान उघडलं आणि समोर आली रोमन अक्षरांची भेळ. वर 'फॉन्ट इथून उतरवून घ्या' असा दुवा होता. तोही मेलेला.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण घरच्या संगणकावर ती यायला वेळ लागला. विंडोज एक्सपीतसुद्धा सीडी घालून ती चालू करावी लागे. तोवर शिवाजी, शुषा, कृतिदेव यांचं राज्य. हे फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरांवर चढवलेले देवनागरी मुखवटे. कृतिदेवमध्ये 'कि' साठवलं जातं रोमन 'एफ' आणि 'डी' असं. 'एफ' ही पहिली वेलांटी, 'डी' म्हणजे क. जसं दिसतं तसं टंकायचं, म्हणून वेलांटी आधी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं उलट: कृतिदेवमध्ये तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. नुसती अक्षरं बदलून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. चार पानांना माझे दोन रविवार गेले.

युनिकोड घरोघरी पोचल्यावर मराठी ब्लॉगांना भरती आली. स्टार माझा वाहिनी 'ब्लॉग माझा' नावाची स्पर्धा घेई, इतकी. पुढे फेसबुकने वाचक पळवले असं म्हणतात. मला ते निम्मंच पटतं. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद पडलं, तेव्हा कुणी काय नवं लिहिलंय याची आपसूक मिळणारी वर्दीही अनेकांपुरती थांबली. वर्दी नाही म्हणून वाचक नाही, वाचक नाही म्हणून प्रतिक्रिया नाही. आणि प्रतिक्रियेविना वर्षानुवर्षं लिहिणारी माणसं थोडीच.

जपणुकीत खरी पडझड होते ती कडेकडेने. ब्लॉगरवरून एक्सएमएल फाइल उतरवून निर्धास्त झालेले पुष्कळ भेटतात. तिच्यात लेख असतात, प्रतिक्रियाही असतात; छायाचित्रांचे मात्र नुसते पत्ते. २०१७ मध्ये फोटोबकेटने बाहेरच्या पानांवर फुकट चित्रं दाखवणं बंद केलं, तेव्हा जगभरच्या जुन्या नोंदींत चित्रांच्या जागी पैसे भरा म्हणणारी पाटी झळकली. 'खालचा फोटो पाहा' हे वाक्य तेवढं शाबूत.

रूपांतर करून पानं मित्राला पाठवली. एका ठिकाणी 'जीवंत' असं उमटलं होतं. यंत्राची चूक समजून मी पहिली वेलांटी देऊन टाकली होती. रात्री त्याचा फोन आला.

"तिथे दुसरी होती रे. मीच चुकीचं लिहिलेलं. परत कर."