हवा, हवामान आणि तापमान : संज्ञा व मापन

'हवा' हा शब्द मराठीत निरनिराळ्या तीन अर्थांनी वावरतो. श्वासावाटे आत घेतली जाते ती हवा. 'आज हवा कुंद आहे' या वाक्यात एका दिवसाची वातावरणस्थिती म्हणजे हवा. आणि 'महाबळेश्वरची हवा थंड आहे' असे म्हणताना त्या स्थळाचा स्थायी स्वभाव हीही हवाच. शालेय भूगोलाने दुसऱ्या अर्थासाठी 'हवा' व तिसऱ्यासाठी 'हवामान' अशी वाटणी करून दिली आहे. परंतु व्यवहारात ती टिकलेली नाही. दररोज प्रसिद्ध होणारा 'हवामानाचा अंदाज' हा वस्तुतः हवेचा अंदाज होय. 'हवामान' या शब्दात अरबीतून फारसीमार्गे आलेल्या 'हवा' या पदाशी संस्कृत 'मान' हे पद जोडलेले आहे, आणि 'मान' म्हणजे माप. हा संकर अर्थपूर्ण आहे. कारण या दोन संज्ञांतील भेद अखेर मापनाच्या रीतीवरच येऊन ठरतो.

मापन ज्याचे करावयाचे त्या वातावरणाचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. कोरड्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन व २१ टक्के ऑक्सिजन असतो. बाष्पाचे प्रमाण स्थळकाळानुसार बदलते. सूर्यकिरण हवेला थेट फारसे तापवीत नाहीत. ते प्रथम जमीन तापवितात, व तापलेली जमीन तिला लागून असलेल्या हवेस उष्णता देते. म्हणूनच दिवसाचे कमाल तापमान भर माध्यान्ही न येता सामान्यतः दुपारी दोन-तीनच्या सुमारास येते. म्हणूनच उंचीबरोबर हवा थंडही होत जाते. वातावरणाच्या खालच्या थरात हे प्रमाण सरासरीने दर किलोमीटरला ६.५ अंश सेल्सिअस आहे. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वर सूर्याला अधिक जवळ असूनही कोकणपट्टीहून थंड का, याचे उत्तर यात आहे.

तापमान आणि उष्णता या दोन गोष्टी एक नव्हेत. उष्णता ही ऊर्जा होय. तापमान हे पदार्थाच्या कणांच्या गतीचे निदर्शक होय. चहाचा पेला हंडाभर कोमट पाण्याहून अधिक तप्त असतो, पण एकंदर उष्णता हंड्यातील पाण्यातच अधिक असते. शिवाय तापमापक आपले स्वतःचेच तापमान सांगतो. त्यावर ऊन पडले, तर काच अथवा धातू किती तापला तेवढेच कळते. हवा किती तापली हे कळत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील दीपगृहांचे अभियंते टॉमस स्टीव्हनसन यांनी पांढऱ्या रंगाची, दुहेरी झडपांची लाकडी पेटी योजिली. वारा आत खेळतो, पण ऊन शिरत नाही. अशा आच्छादनात, जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवर घेतलेले तापमान सर्वत्र ग्राह्य मानले जाते. सारांश, वृत्तपत्रात छापून येणारा आकडा हा छायेतील वाहत्या हवेचा असतो.

असा एका दिवसाचा आकडा म्हणजे हवा. त्याच स्थळाच्या अशा आकड्यांची दीर्घकालीन, रूढ संकेतानुसार तीस वर्षांची, सरासरी व त्यांतील चढउतारांची व्याप्ती म्हणजे हवामान. सध्या १९९१ ते २०२० हा प्रमाणकाल धरला जातो. यावरून एखाद्या कडाक्याच्या थंडीने पृथ्वीची तापमानवाढ खोटी ठरत नाही, तसेच एका तप्त दुपारने ती सिद्धही होत नाही, हे लक्षात येईल.

दोन्ही संज्ञांची सांगड 'उष्णतेच्या लाटे'च्या व्याख्येत दिसते. भारतीय हवामान खात्याच्या निकषानुसार कमाल तापमान मैदानी प्रदेशात किमान ४०, किनाऱ्यावर ३७ व डोंगराळ भागात ३० अंश असावे लागते, आणि ते त्या स्थळाच्या सरासरीहून निदान ४.५ अंशांनी अधिक असावे लागते. मैदानी प्रदेशात ४५ अंशांपुढे मात्र सरासरी पाहिली जात नाही. मुंबईत मार्चमधील ३८ अंश ही लाट ठरू शकते. चंद्रपुरात मे महिन्यातील ४० अंश हा नित्याचा उन्हाळा होय. पहिली अट हवेची आहे, दुसरी हवामानाची.

तथापि या आकड्याची मर्यादा विसरणे घातक ठरते. मानवी शरीर पांढऱ्या पेटीत राहत नाही. उघड्यावर त्यास प्रत्यक्ष ऊन व तापलेल्या जमिनीची धग सोसावी लागते; हवेत बाष्प अधिक असल्यास घाम वाळत नाही आणि शरीराचा थंड होण्याचा मुख्य मार्गच खुंटतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर भरलेल्या समारंभानंतर दहाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली. किनारी प्रदेशात छायेतील आकडा विदर्भाच्या मानाने सौम्य दिसतो. उन्हात तासन् तास बसलेल्या माणसाची स्थिती त्यावरून कळत नाही. तापमानाचा कोणताही आकडा वाचताना तो कोठला, केव्हाचा, छायेतील की उन्हातील, आणि कोणत्या सरासरीच्या तुलनेत, हे चार प्रश्न विचारल्याखेरीज त्याचा अर्थ पुरा होत नाही.