आधी जमीन, मग झोपाळा

वाड्यावरची मुलांची बाग दुरुस्त करायचं ठरलं की बैठकीत पहिली चर्चा होते ती रंगाची. घसरगुंडी पिवळी की लाल, फाटकावर छोटा भीम काढायचा की मिकी माऊस, आणि उद्घाटनाच्या फलकावर कोणाकोणाची नावं. पावसाचं पाणी कुठून वाहून जाणार, हे विचारणारं सहसा कोणी नसतं. आमच्याकडे ते विचारलं बालवाडीच्या टीचरने. ती टीचर म्हणजे मी. माहेर डिचोलीचं, सासर पेडणे तालुक्यातलं, आणि निवृत्त होईपर्यंत तीन ते सहा वर्षांच्या पोरांमागे धावले. आमची छोटी बाग अलीकडेच नव्याने उभी राहिली. त्या कामातून माझं एक मत पक्कं झालं: लहान मुलांच्या मैदानाचा पैसा आधी खालच्या जमिनीवर खर्च व्हावा, वरच्या खेळण्यांवर मागाहून.

माझ्या पिढीला वेगळी बाग लागली नाही. कापणी झालेले मळे होते, भाट होतं, देवळापुढचं पटांगण होतं. पुढे डिचोलीकडच्या गावांतून खनिजाचे ट्रक धावू लागले तसं आयांनी पोरांना रस्त्याकडे फिरकू देणं बंद केलं. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पण तोवर अंगणात खेळायची सवयच मोडली होती. पेडण्यात 2023 च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला. जमिनीला भाव आला आणि मोकळ्या भाटांना कुंपणं पडू लागली. म्हणून आता चार गुंठ्यांच्या बागेलाही किंमत आहे.

अशा कामात पहिला कागद एक-चौदाचा उतारा. जागा पंचायतीची आहे, कोमुनिदादीची, देवस्थानाची की भाटकाराची, हे आधी बघावं. जागा दुसऱ्याची असेल तर लेखी ना हरकत दाखला घ्यावा. तोंडी होकारावर बसवलेला झोपाळा मालकाच्या पुढच्या पिढीला खुपतो.

मग पाणी. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आमची तांबडी माती उन्हाळ्यात कडक होते आणि पावसात शेवाळते. झोपाळ्याखाली पायांनी घासून खळगा पडतो, जुलैत त्याचं डबकं होतं आणि डबक्यात डास. आम्ही जुनी खेळणी काढून जागा मोकळी केली, उतार पाहिला, वरच्या अंगाला चर खणून पाणी बाहेरच्या गटारात सोडलं. या कामाचा फोटो चांगला येत नाही, म्हणून ते कोणी करत नाही.

कंत्राटदार म्हणाला, “टीचर, खाली सगळीकडे पेव्हर घालून देतो, साफ दिसेल.”

मी म्हटलं, “नातवाला घेऊन या. आधी तो पेव्हरवर पडून दाखवू दे.”

पेव्हर फक्त वाटेपुरते घातले, चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी आत यावी म्हणून. झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी मात्र धुतलेली नदीची वाळू आहे. युरोपातल्या मानकांत अशा सैल वाळूचा थर 30 सेंटिमीटर धरतात: 20 पडणाऱ्याला झेलायला, आणि 10 पायांनी उडून जाते म्हणून. समुद्राची वाळू जवळ आहे, फुकट आहे, असं कोणीतरी सुचवलंच. किनाऱ्यावरची वाळू उचलणं कायद्यात बसत नाही, शिवाय तिच्यातलं मीठ लोखंड खातं. हरमल, मांद्रे, मोरजीकडे तर खारा वाराच पुरेसा असतो. तिथे गंजावर रंग फासून भागत नाही. जस्ताचा मुलामा दिलेले पाइपच घ्यावे लागतात.

खेळणी निवडताना माझ्या पर्समध्ये टेप असायची. शिडीच्या दोन पायऱ्यांत, कठड्याच्या दोन गजांत किती फट आहे ते मोजायचं. फट 9 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर लहान मुलाचं धड तिच्यातून जात नाही, 23 पेक्षा जास्त असेल तर डोकंही निघतं. मधली फट घातक. पाय जातात, धड जातं आणि डोकं अडकतं. हे सांगितल्यावर वेल्डरने एक कठडा तिथल्या तिथे कापून पुन्हा जोडला. झोपाळ्याला लाकडी फळीऐवजी रबरी पट्टा लावला, कारण मागून येणारी फळी नेमकी दुसऱ्या पोराच्या कपाळाला लागते. एका चौकटीत दोनच झोपाळे.

घसरगुंडी पूर्वी पश्चिमेकडे तोंड करून होती. एप्रिलमध्ये संध्याकाळी चारला त्या पत्र्यावर हात ठेवला तर कळायचं की मुलं तिच्यावर का बसत नाहीत. ती आता उत्तराभिमुख, आंब्याच्या सावलीत आहे. आंब्यावर हुमले, म्हणजे तांबडे चावरे मुंगळे, चढतात, तेव्हा फांद्यांकडे लक्ष ठेवावं लागतं. माडाखाली मात्र काहीच ठेवलं नाही. नारळ आणि झावळ विचारून पडत नाहीत. फुटक्या चिऱ्यांचा ढीग कुंपणाशी रचायची आपल्याकडे रीत आहे, तोही हलवला. अशा ढिगात फुरसं सुखाने राहतं.

शेजारीच मोठ्या पोरांचा फुटबॉल चालतो. त्यांना हाकलण्याऐवजी मध्ये गुडघाभर उंचीचा चिऱ्यांचा गडगा घातला. घरंगळत आलेला चेंडू अडतो, आज्या त्यावर बसतात आणि दोन्हीकडची पोरं दिसतात.

आल्डो फान आयक या वास्तुविशारदाने 1947 पासून ॲमस्टरडॅममध्ये अशाच थोडक्या, साध्या साधनांवर भागवलं. युद्धानंतर पडून राहिलेल्या जागांत त्याने सातशेहून जास्त मैदानं केली. त्यांत काय, तर रुंद काठाची वाळूची पेटी, कोलांट्या मारायला बुटके गज आणि उड्या मारायला दगडी ठोकळे. मुलांनी त्यातून आपापले खेळ काढले.

आपल्याला एवढ्या लांब जायलाही नको. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, खडे, बिया, पानं वापरली. आमच्या वाळूच्या चौकोनाशेजारी करवंट्या, मोठे शिंपले आणि बांबूच्या नळ्या असतात. काजूच्या बिया तेवढ्या वगळल्या, कवचातल्या तेलाने कातडी भाजते. नव्या घसरगुंडीपेक्षा जास्त गर्दी करवंट्यांजवळ होते, हे मी रोज बघते.

राहिली देखभाल. उद्घाटनानंतर बागेला वाली नसतो. आमच्या ग्रामसभेत ठरलं की मेच्या अखेरीस साखळ्या, बोल्ट, वेल्डिंग तपासायचं, पावसात गवत वाढू द्यायचं नाही, आणि चतुर्थी झाली की वाळू उपसून, चाळून, कमी झालेली भरायची. हे काम स्वयंसाहाय्य गटाकडे दिलं, मोबदल्यासह. फुकटच्या सेवेवर बाग एक पावसाळा टिकते.

तुमच्या गावात असं काम निघालं तर अंदाजपत्रकात गटार, वाळू आणि देखभाल अशा तीन वेगळ्या ओळी लिहून घ्या. उरलेल्या पैशांत खेळणी बसवा. कमी बसतील. बसू देत.